पान पाच, खाली डावीकडे

भूकंपाचा धडा जानेवारीत आहे.
जमीन जुलैत हलली.

पेपर आमच्याकडे साडेदहाच्या जीपने येतो,
दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसून,
म्हणून आमच्या ताज्या बातम्या
नेहमी राष्ट्रगीतानंतरच्या.
पान पाच, खाली डावीकडे,
पाइपांच्या जाहिरातीच्या डोक्यावर चार ओळी:
तालुक्यात काल पहाटे सौम्य धक्के.
भूगर्भातून गूढ आवाज. कोणतीही हानी नाही.
नागरिकांनी घाबरून जाऊ नये.

मी मोठ्यानं वाचलं. सातवीचा वर्ग, एकोणीस पोरं.
घाबरलेलं कुणीच नव्हतं.
चिडले होते.
"हानी नाही काहून, बाई? आमची बरणी फुटली की,
कैरीचं लोणचं, अजून मुरलंबी नव्हतं."
नाजमीन म्हणाली, न्हाणीच्या भिंतीला भेग आधीच होती,
पण आता तिच्यातून काकाचं घर दिसतंय.
चार ओळींत बरणी मावत नाही, मी म्हणाले,
आणि फळा पुसला.
कुठं होतीस. काय वाजलं.
आधी काय, मग काय.

मुंजाजी कऱ्हाळे, जो तेराच्या पाढ्यात दरवेळी अडतो,
म्हणाला, म्हैस आधी उठली.
मग?
"मग म्या म्हणलं, काय झालं हिला.
मग ताटं पडली."

खडू माझ्या हातात तसाच.
पुस्तकात दोन लाटा आहेत.
पहिली पळत येते, माणसाला फारशी कळत नाही.
दुसरी मागून येते आणि मांडणी रिकामी करते.
पुस्तकात म्हैस नाही.

"ती उठल्यापासून ताटं पडेपर्यंत मोज."
त्यानं डोळे मिटले. ओठ हलले.
एक, दोन, ती...
आणि बाकावर थाप.
सेकंदामागे आठ किलोमीटर, साधारण, मी म्हणाले,
आणि तेराला अडणारा आठाला अडला नाही:
"सोळा. सोळाच्या जरा वर."

कुरुंद्याच्या गुरुजींना फोन लावला, औंढ्याच्या बाईंना लावला.
गुरुजींकडे कोंबड्या होत्या, बाईंकडे नुसता अंदाज.
मैदानात तीन खुंट्या, सुतळी, चुना.
तीन वर्तुळं एका बिंदूत भेटतात, आकृतीत.
आमची भेटली नाहीत.
मध्ये एक वाकडा त्रिकोण उरला,
भाकरीच्या मोडलेल्या कोराएवढा.
पोरं कडेनं उभी राहिली, आत पाय कुणी ठेवेना.
"ह्यात कोणाचं घर येतं, बाई?"
मला माहीत नव्हतं.
मी तसं सांगितलं.

मागच्या भिंतीवर एक जुनं कात्रण आहे, खळीनं डकवलेलं:
औंढ्याजवळ यंत्र बसणार,
दूर कुठं दोन कृष्णविवरं आदळली
तर त्याची थरथर इथं टिपणार.
त्यासाठी म्हणे शांत जमीन शोधत होते.
"आन् आपली सापडली?" लिंबाजी म्हणाला,
आणि अख्खा वर्ग हसला, मीसुद्धा.
हसू ओसरल्यावर नाजमीन:
"त्या यंत्राला म्हैस उठलेली कळंल का?"
हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवलाय.
खाली जागा सोडलीय.

सप्टेंबरात पान एकवर बातमी आली,
आपल्या देशातली नाही, मोठा फोटो,
विटांच्या ढिगावर एक निळी चप्पल.
मला वाटलं, आकडा विचारतील, किती तीव्रतेचा.
विचारलं, तिथं तेव्हा किती वाजले होते.
शाळा भरली होती का.
शिवकांता उठून नकाशापाशी गेली
आणि बोट ठेवून तशीच उभी राहिली.

मुंजाजी बोलला नाही. त्याचे ओठ हलत होते.
मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं पळाली,
तो दारात थांबला.
"त्यांना किती भेटले असतील, बाई?"
काय रे?
"आकडे."